आधी तो बोर्ड काढा, मग मुलांच्या मोबाईलचं बोलू : आमच्या सोसायटीच्या कमिटीला आणि सगळ्या सभासदांना खुलं पत्र

चेअरमन काका, सेक्रेटरी दादा, कमिटीतले सगळे ताई-दादा आणि चारही विंगमधले सभासद, सगळ्यांना नमस्कार.

पुढच्या रविवारच्या जनरल बॉडीच्या अजेंड्यावर आठव्या नंबरला "मुलांचा वाढता मोबाईल वापर – चर्चा" असा विषय घेतलाय. वाचून खूप बरं वाटलं आणि लगेच लिहायला बसले, कारण आठवा विषय येईपर्यंत दुपारचा दीड वाजतो, पाण्याचा टँकर आणि पार्किंग यावरच सगळ्यांचा आवाज बसलेला असतो आणि मग "पुढच्या मीटिंगला घेऊ" होतं. हा विषय पुढच्या मीटिंगला जाऊ नये असं मला मनापासून वाटतंय, म्हणून जे बोलायचंय ते आधीच सगळ्यांसमोर ठेवते.

मागच्या महिन्यात आपल्या बी विंगची लिफ्ट दोन दिवस बंद होती आठवतंय ना, तेव्हा मी भाजीच्या पिशव्या घेऊन जिन्याने वर येत होते. संध्याकाळचे सहा वाजले असतील, बाहेर मस्त कोवळं ऊन होतं. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या पायऱ्यांवर सात मुलं बसलेली, एकाखाली एक, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. तिथेच का, तर दुसऱ्या मजल्यावरच्या एका घराच्या वायफायची रेंज बरोब्बर तिथपर्यंत येते आणि पासवर्ड सगळ्यांना माहितीये. सात मुलं एका जागी आणि आवाज म्हणाल तर नुसता त्या व्हिडिओंचा, सात वेगवेगळी गाणी एकात एक मिसळलेली, एक पोरगं दुसऱ्याशी बोलत नव्हतं. मी आले तसे सगळ्यांनी गुडघे एका बाजूला केले, मान वर न करता, पायाचा आवाज आला म्हणून नुसती वाट करून दिली. त्यात चौथा माझा धाकटा होता. त्यानेही गुडघे बाजूला केले आणि त्याची आई शेजारून गेली हे त्याला कळलंसुद्धा नाही.

घरात येऊन पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि खिडकीतून खाली बघितलं तर समोरच तो पिवळा बोर्ड, "येथे खेळण्यास सक्त मनाई आहे, नियम मोडल्यास रु. ५०० दंड, आदेशावरून". दोन वर्षं रोज बघतेय मी तो बोर्ड पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचला. जिन्यात ती सात मुलं आणि खाली हा बोर्ड, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीयेत हो, एकच गोष्ट आहे ती. आपणच मुलांना खालून वर पाठवलंय आणि आता वर बसून ती काय करतात याची चर्चा अजेंड्यावर घेतोय.

माझं चुकलेलंही सांगते, म्हणजे कुणाला वाटायला नको की ही दुसऱ्यांनाच शिकवतेय. धाकटा अडीच वर्षांचा होता तेव्हा २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं, मोठीची शाळा मोबाईलवर, ह्यांचं ऑफिस हॉलमध्ये, माझं काम स्वयंपाकघरात, आणि धाकट्याने घास तोंडात घ्यावा म्हणून मी त्याच्यासमोर मोबाईल उभा करायला लागले, पाण्याच्या तांब्याला टेकवून. तो तांब्या नंतर दोन वर्षं जेवणाच्या वेळी तिथेच असायचा. मोबाईल नसेल तर तोंड उघडायचा नाही. आणि बघा, नेमका तोच काळ होता, जूनच्या शेवटी टिकटॉक बंद झालं, जुलैत इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स आणले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची पहिली चाचणी भारतातच सुरू केली. तीन महिन्यांत हे सगळं घरात आलं, आणि आपली मुलं तेव्हा चोवीस तास घरातच होती.

पूर्वी कार्टून लागायचं ते अर्ध्या तासाने संपायचं, मग जाहिराती, मग बातम्या, मग आपोआप कंटाळा येऊन पोरगं उठायचं. ह्या रील्स-शॉर्ट्सच्या छोट्या व्हिडिओंना शेवटच नाही. एक संपायच्या आत अंगठा वर जातो, पुढचा सुरू, आणि पुढचा काय असेल हे माहीत नसतं म्हणूनच तर अंगठा थांबत नाही, कधी भंगार निघतो, कधी एकदम भारी निघतो. आपण मोठी माणसं रात्री साडेबाराला "हा शेवटचा" म्हणत एक वाजवतो, तिथे आठ वर्षांच्या लेकराने स्वतःहून थांबावं ही अपेक्षाच चूक आहे. म्हणून मुलांना "बिघडलेत" म्हणणं मला अजिबात पटत नाही, कृपया मीटिंगमध्ये कुणी तो शब्द वापरू नका, मुलं मागे बसून ऐकत असतात.

आता तासांचं म्हणाल तर ते डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची जी संघटना आहे, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, त्यांचा सल्ला असा की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, दोन ते पाच वर्षांपर्यंत जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांच्या आत. दहाच्या पुढच्यांसाठी ते तासापेक्षा समतोल बघायला सांगतात, म्हणजे खेळ, झोप, अभ्यास, जेवण, घरच्यांशी-मित्रांशी बोलणं यातलं काही मोबाईलपायी मागे पडता कामा नये. मी हे वाचलं आणि घरी टाइमर लावायला सुरुवात केली, दोन तास झाले की मोबाईल कपाटात. पहिल्या दिवशी रडारड, दुसऱ्या दिवशी आदळआपट, आणि तिसऱ्या दिवशी धाकट्याने शांतपणे विचारलं, "मग मी आता काय करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चित्र काढ म्हटलं, काढलं. पुस्तक वाच म्हटलं, दहा मिनिटं वाचलं. खाली जा म्हणायची सोय नव्हती, खाली बोर्ड होता. मोबाईल काढून घेणं हे अर्धंच काम आहे आणि ते आम्ही आईबाप घरोघरी एकेकटे करतोय, राहिलेलं अर्धं आमच्या एकट्याच्या हातातलं नाही, ते तुमच्याकडे आहे, आपल्या सगळ्यांकडे मिळून आहे. हे एवढंच सांगायला पत्र लिहिलंय खरं तर.

डोळ्यांचंही सांगायला हवं. धाकट्याला सातव्या वर्षी चष्मा लागला, दीड नंबर. मला वाटलं मोबाईल जवळून बघतो म्हणून, आणि ते काही खोटं नाहीये, जवळचं काम सतत केलं की डोळ्यांवर येतंच. पण डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच, "दिवसातून उन्हात किती वेळ असतो?" मी गप्प. त्यांनी समजावून सांगितलं की वाढत्या वयात डोळ्याच्या गोळ्याची लांबी गरजेपेक्षा जास्त वाढली की लांबचं अंधुक दिसायला लागतं, आणि बाहेरचा उजेड त्या वाढीला आवर घालतो. घरातली ट्यूबलाइट कितीही लखलखीत असली तरी उजेड काही शे लक्स (उजेड मोजायचं माप), बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा हजारांत. तैवानमध्ये २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर ठेवायची मोहीमच चालवली त्यासाठी. चीनमध्ये ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज फक्त ४० मिनिटं जास्त बाहेर सोडलं, तीन वर्षांनी त्यांच्यात नव्याने चष्मा लागलेली मुलं साधारण ३० टक्के निघाली आणि नेहमीच्या वर्गांमध्ये जवळजवळ ४० टक्के. नुसतं बाहेर असायचं हो, बाकी काही नाही. ना औषध ना खर्च. आणि आपल्याकडे बाहेर असायलाच ५०० रुपये दंड!

बरं, ती जागा कुणाची आहे? माझे मोठे दीर एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहेत, त्यांच्याबरोबर बसून मी आपला मंजूर नकाशा बघितला, त्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे, कुणालाही दाखवेन. डी विंगच्या मागचा जो तुकडा आहे, जिथे आता सहा चारचाकी, चार धूळ खात पडलेल्या स्कूटर आणि रंगकामवाल्याचे रिकामे डबे आहेत, तिथे नकाशात स्वच्छ "ओपन स्पेस" लिहिलंय. राज्याची जी बांधकामाची नियमावली आहे, २०२० च्या डिसेंबरमध्ये आलेली युनिफाइड, त्यात ४००० चौरस मीटर किंवा त्यापेक्षा मोठ्या जागेवर दहा टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी सोडायलाच लागते. करमणुकीसाठी, पार्किंगसाठी नाही. म्हणजे आम्ही काही नवीन मागत नाहीये, मुलांच्या नावावर जी जागा नकाशात आहे ती त्यांना परत द्या एवढंच म्हणतोय. आणि ज्यांच्या गाड्या तिथे आहेत त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना पार्किंग मिळालं नाही म्हणून त्या तिथे आल्या, तो प्रश्नही खरा आहे आणि सोडवलाच पाहिजे, पण तो मुलांच्या जागेतून सोडवू नका.

बोर्ड का लागला ते मला आठवतंय, बॉल लागून एका नव्या गाडीचा आरसा फुटला होता. आरसा फुटल्याचं दुःख मी समजू शकते, हप्ते भरून घेतलेली गाडी असते. पण त्याच्यावर उपाय जाळी होता. मी दोन ठिकाणी विचारून आलेय, नायलॉनची जाळी आणि पाच लोखंडी पाईप, दोन्ही कोटेशन सेक्रेटरी दादांकडे दिलीत, आपल्या दिवाळीच्या लायटिंगच्या खर्चापेक्षा रक्कम कमी आहे.

आता जरा गावाकडचं सांगते. माझं माहेर सांगली जिल्ह्यात, आणि माझी एक आत्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगावला दिलेली. तुमच्यापैकी काहींनी बातम्यांत वाचलं असेल, त्या गावात संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, साडेआठला परत भोंगा होतो तेव्हाच सुरू. २०२२ च्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर गावाने हे ठरवलं, सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला. तीन हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, बहुतेक ऊसवाले शेतकरी आणि कारखान्यावर कामाला जाणारे, काही मोठं श्रीमंत गाव नाही. सुरुवातीला पुरुषमंडळी हसली होती म्हणे, असं कुठे होतं का म्हणून. मग गावातल्या बायकांना एकत्र बोलावलं, त्यांनीच कबूल केलं की आम्हीच मालिका बघत बसतो, आणि त्यांनी मनावर घेतल्यावर मग आशाताई, अंगणवाडीताई, ग्रामपंचायतीची माणसं, रिटायर झालेले गुरुजी असे सगळे घरोघरी फिरून समजावत राहिले.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत भाऊबीज करून आम्ही आत्याकडे गेलो होतो. चहा चालला होता, टीव्ही सुरू होता, मुलं मोबाईलवर. भोंगा झाला. आत्याच्या मिस्टरांनी, पंचाहत्तरीचे आहेत ते, स्वतःचा मोबाईल उचलला आणि देवघराच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवला, सुनेने तिचा ठेवला, नातवाने ठेवला, कुणी कुणाला काही बोललं नाही. मग सगळ्यांची नजर माझ्या मुलांकडे. माझी मोठी, तेव्हा बारावं चालू होतं तिला, तिने निमूट उठून ठेवला. घरी मी शंभरदा सांगून न ठेवणारी मुलगी! परत येताना गाडीत विचारलं तर म्हणाली, "तिथे सगळेच ठेवत होते ना आई, मग मी एकटी काही मिस नव्हते करत." हे वाक्य मी विसरले नाहीये. आपल्याकडे तिने आठ वाजता मोबाईल ठेवला तर तिच्या ग्रुपवर दोनशे मेसेज होऊन जातात आणि उद्या शाळेत ती बाहेर पडल्यासारखी होते. एका घराने नियम केला की ती शिक्षा होते, सगळ्यांनी केला की ती रीत होते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने २०२२ मध्येच १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचाच ठराव केला, दंडासकट. त्यांची तळमळ मी समजू शकते पण मला तो रस्ता आपल्यासाठी नको वाटतो. फक्त मुलांना बंदी आणि मोठे बघतायत म्हटल्यावर मुलं जिन्यात जातात, जिन्यातून गच्चीत जातात. वडगावात मोठ्यांनी आधी ठेवला, तिथेच सगळा फरक आहे.

आणि लांब कशाला जायचं, आपलेच गणपतीचे दहा दिवस आठवा की. क्लबहाऊस उघडं होतं, मुलांनी अफझलखानाच्या वधाचा देखावा केला, पुठ्ठ्याचा प्रतापगड सलग चार रात्री चालू होता, ढालींना चंदेरी कागद चिकटवताना सगळ्यांच्या बोटांना फेविकॉल, जिन्यातली तीच सात मुलं, कुणालाही मोबाईल आठवला नाही. नाही म्हणायला एकदा आठवला, तटबंदी कशी असते ते बघायला फोटो शोधला, बघितला आणि ठेवून दिला. मला तर वाटतं चांगली सवय म्हणजे हीच, काम असेल तर घ्यायचा, झालं की ठेवायचा. ते त्यांना येतं! कुणी शिकवलं नव्हतं. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी क्लबहाऊसला कुलूप लागलं आणि संध्याकाळी मुलं परत पायऱ्यांवर.

एक गोष्ट मुद्दाम वेगळी सांगते कारण मीटिंगमध्ये ती कुणीच काढत नाही. तेरा ते सतराच्या मुली. लहान मुलांसाठी निदान घसरगुंडी तरी आहे, मुलगे सायकली काढून बाहेरच्या रस्त्यावर तरी जातात, मुलींना आपल्या सोसायटीत उभं राहायलासुद्धा जागा नाही. पार्किंगमध्ये चार जणी हसत उभ्या राहिल्या की वरून कुणीतरी वाकून बघतं, वॉचमन दादा येऊन विचारतात "काय काम आहे", आणि रात्री ग्रुपवर मेसेज पडतो की मुली टवाळक्या करतायत. माझ्या मोठीने मला सांगितलं, "खाली उभं राहिलं तर बोलतात, वर मोबाईलवर बोललं तर बोलतात, मग आम्ही बोलायचं कुठे?" तिला खेळायलाच हवंय असंही नाही, तिला मैत्रिणींशी गप्पा मारायच्यात. ते तिचं वयच आहे. समोरासमोर बोलायला जागा नाही म्हणून त्या गप्पा रात्री अकरा वाजता पांघरुणात चालतात आणि सकाळी शाळेला डोळे उघडत नाहीत. आम्ही घरी आता रात्री दहाला चौघांचे चार्जर हॉलमध्ये लावतो, झोपायच्या खोलीत एकही मोबाईल नाही, माझासुद्धा नाही, गजरासाठी साधं घड्याळ आणलं. झोपेत फरक पडलाय हे नक्की. पण तिच्या गप्पांचं काय, ते घड्याळाने सुटत नाही. मागच्या गेटजवळ दोन बाक आणि एक दिवा एवढं केलं तरी पुष्कळ होईल, आणि तिथे बसलेल्या मुलींकडे कुणी वाकून बघायचं नाही एवढं ठरवा.

मग रविवारी काय ठरावं असं मला वाटतं ते सांगते. मोकळी जागा मोकळी करून जाळी लावायची, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मुलांसाठी, त्या वेळात गाडी आत आणायची नाही. आजी-आजोबांना झोपमोड नको म्हणून दुपारी खेळ बंद, ते मुलांना मान्य आहे, मी विचारलंय. आणि साडेसात ते नऊ आपणही भोंगा नाही तर आरतीची घंटा वाजवू, वॉचमन दादा वाजवतील, चारही विंगमध्ये टीव्ही-मोबाईल बाजूला, क्लबहाऊस उघडं. ज्यांची ड्युटी असते, ज्यांचे फोन कामाचे आहेत त्यांनी अर्थातच घ्यावेत, फोन वाजला तर उचलायचा, नुसतं चाळत बसायचं नाही. रोज जमणार नसेल तर आठवड्यातून तीन दिवस करू, पण सगळ्या घरांनी मिळून करू. कमिटीचे मेसेजही त्या दीड तासात नकोत, मेन्टेनन्सची आठवण नऊनंतर टाकली तरी चालेल. सी विंगच्या काकू लंगडी आणि लगोरी शिकवायला तयार आहेत, त्या शाळेत असताना खो-खोच्या टीममध्ये होत्या हे किती जणांना माहितीये? ए विंगचे आजोबा बुद्धिबळाचे तीन पट देतायत. माझ्याकडे क्लबहाऊसच्या किल्लीची जबाबदारी द्या, रोज उघडेन, रोज झाडून बंद करेन, महिनाभर करून बघा, नाही जमलं तर पुढच्या मीटिंगला मी स्वतः उभी राहून सांगेन.

मुलांना मी हे पत्र वाचून दाखवलं. धाकट्याने विचारलं, डबा ऐसपैस खेळताना लपायला ए विंगच्या मीटररूमच्या मागे चालेल का. मी म्हटलं ते कमिटीला विचारावं लागेल. तर तेवढंही सांगा रविवारी.

आपली,
बी विंग, चौथ्या मजल्यावरची दोन मुलांची आई